नागपुरातील तंबाखूची किरकोळ विक्री : परवाने आणि दंड

नागपुरात तंबाखू किरकोळीने विकली जाते ती मुख्यतः पानठेल्यावर. पुण्या-मुंबईकडे ज्याला टपरी म्हणतात तोच हा ठेला. सिगारेट, बिडी, तंबाखूची पुडी, पान आणि खर्रा या सगळ्या गोष्टी चार-पाच फुटांच्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात. या फळीवर एकाच वेळी अनेक कायदे लागू होतात. सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ (बोलीभाषेत ‘कोटपा’), अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६, बाल न्याय अधिनियम, २०१५, महापालिका अधिनियम आणि राज्याची प्लास्टिकबंदी हे त्यांतले प्रमुख. प्रत्येकाची शिक्षा वेगळी आणि अंमल करणारे खातेही वेगळे. विदर्भात सर्रास चघळला जाणारा खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे ठेल्यावर घोटलेले मिश्रण) तर कोटपाच्या मूळ रचनेत नीट बसतच नाही.

परवाना

देशी दारूच्या दुकानाला परवाना लागतो, औषधाच्या दुकानालाही लागतो. तंबाखू विकायला मात्र कोटपामध्ये किरकोळ परवान्याची तरतूदच नाही. ठेलेवाल्याकडे कागद असतात, पण ते तंबाखूचे नसतात. मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाने महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते, नोंदणी करावी लागत नाही. पान, सुपारी, बडीशेप हे खाद्यपदार्थ असल्याने अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्याची नोंदणी लागते. ठेला फूटपाथवर असेल तर पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे नगर पथविक्रेता समितीमार्फत विक्री प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३७६ काही वस्तूंचा साठा आणि काही व्यवसाय आयुक्तांच्या परवान्याशिवाय करू देत नाही. पूर्वी नागपूरला १९४८ चा स्वतंत्र महापालिका कायदा होता, आता हाच कायदा लागू आहे.

२१ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहून दोन गोष्टी सुचवल्या. तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेचा परवाना बंधनकारक करावा, आणि ज्या दुकानात तंबाखू आहे तिथे चिप्स, बिस्किटे, टॉफी, शीतपेये विकू देऊ नयेत. दुसऱ्या सूचनेमागचे कारण कुठल्याही ठेल्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले की कळते. एक रुपयाच्या चॉकलेटची बरणी आणि सिगारेटचे पाकीट एकाच उंचीवर असतात, आणि ती उंची आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांची असते. लखनौ, रांची यांसारख्या शहरांनी परवान्याचा मार्ग धरला. परवान्याचा खरा उपयोग शुल्कासाठी नाही. परवाना असला तर तो रद्द करता येतो, आणि ठेलेवाल्याला दोनशे रुपयांच्या पावतीपेक्षा ती भीती कितीतरी मोठी असते.

कोटपाचे दंड

अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकणे, या दोन्ही गोष्टींना कलम ६ ने मनाई आहे. शिक्षा कलम २४ मध्ये : जास्तीत जास्त २०० रुपये दंड. २००३ साली ठरलेला हा आकडा दोन दशके उलटली तरी तेवढाच. विक्रेत्याने ठेल्यावर ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावून अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे हा दंडनीय गुन्हा असल्याचे सांगायचे असते, आणि वय कमी वाटले तर ग्राहकाच्या वयाची खात्री करण्याची जबाबदारीही त्याचीच.

जाहिरातीची शिक्षा मात्र कडक आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. चित्रमय इशारा नसलेले पाकीट विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, नंतर दोन वर्षे आणि ३,००० रुपयांपर्यंत. १ एप्रिल २०१६ पासून हा इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असावा लागतो. सुट्टी सिगारेट विकली की ग्राहकाच्या हातात इशाराच जात नाही, म्हणून महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी व बिड्यांच्या विक्रीवर बंदी आणली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात पूर्ण पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात, हेही त्या बंदीमागचे कारण आहे.

मुलाला तंबाखू देणाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियमाचे कलम ७७ आहे : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे एकाच ठेल्यावर, एकाच मुलाला विकलेल्या एकाच पुडीसाठी एका कायद्यात २०० रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षे. कोणते कलम लावायचे हे पकडणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. ही तफावत मिटत नाही तोवर ठेलेवाल्याला आपण नेमका किती मोठा गुन्हा करतो आहोत हे कळणारच नाही.

शाळेभोवतीचे शंभर यार्ड

शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. नियमानुसार हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून चहूबाजूंनी सरळ मोजायचे, रस्त्याने चालत नव्हे. महाल किंवा इतवारीच्या गल्ल्यांत हा फरक मोठा आहे. तिथे वळणे घेत जायला दीडशे पावले लागणारा ठेला सरळ रेषेत शाळेच्या भिंतीपासून पन्नास मीटरवरच असू शकतो. मनाईची पाटी शाळा-महाविद्यालयानेच लावायची असते. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत या हद्दीवर पिवळी रेघ मारायला सांगितले आहे.

खर्रा

भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना जाड प्लास्टिकच्या पन्नीत घालायचे आणि फळीवर तळहाताने रगडत राहायचे. सुपारीला चुना पुरता माखला, पन्नीतून ऊब जाणवू लागली की खर्रा झाला. नागपुरात याला ‘खर्रा घोटणे’ म्हणतात. घोटलेला माल छोट्या पन्नीत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती जातो. त्यावर ना कंपनीचे नाव, ना इशारा, ना तारीख. ८५ टक्के चित्र छापायला पाकीटच नाही. कोटपा कारखान्यातल्या उत्पादनाच्या हिशेबाने लिहिला गेला, खर्रा ठेल्यावरच तयार होतो.

त्याला धरले अन्न कायद्याने. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घटक म्हणून वापरू नये, असा २०११ च्या विनियमांतील २.३.४ हा नियम आहे. त्याचा आधार घेऊन महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा हेही तिच्यात आले. कलम ३० खाली अन्न सुरक्षा आयुक्त एका वेळी एक वर्षापुरतीच मनाई करू शकतात, म्हणून हा आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. याआधी २००२ मध्ये जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली होती.

अन्न सुरक्षा कायद्यातली शिक्षा हलकी नाही. असुरक्षित अन्नाने गंभीर इजा झाल्यास सहा वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड. पोलिसांनी दंड संहितेचे विषप्रयोगाचे कलम ३२८ (आता न्याय संहितेचे कलम १२३) लावावे की नाही, यावर बरीच वर्षे खटले चालले. महाराष्ट्राच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अन्न कायद्यामुळे दंड संहितेचा मार्ग बंद होत नाही असे सांगितले. २०२४ मध्ये भेसळीच्या २७२ व २७३ या कलमांबाबत मात्र अन्न कायदाच वरचढ ठरवला.

खर्‍याची पन्नी २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही सापडते. तिथे पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिने कैद. मुलाला तंबाखू विकण्याच्या कोटपातील २०० रुपयांपेक्षा माल बांधलेल्या पिशवीचा पहिलाच दंड पंचवीस पट मोठा असावा, हे मन मानत नाही.

सुपारी-तंबाखू सतत चघळल्याने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहणे ही त्याची साधी घरगुती तपासणी. निरोगी माणसाला ती जातात, खर्रा खाणाऱ्या कित्येकांना विशीतच दोनवर थांबावे लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त.

हुक्का आणि ई-सिगारेट

२०१८ च्या राज्य दुरुस्तीने हुक्का पार्लर चालवणे बंद केले. शिक्षा एक ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते १ लाख रुपये दंड. ई-सिगारेट २०१९ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंद आहे : विक्रीला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत व पाच लाखांपर्यंत, नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत किंवा ५०,००० रुपयांपर्यंत.

तक्रार

कोटपाखाली झडती व जप्तीचे अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या समकक्ष अधिकाऱ्यांना आहेत. बंदी असलेल्या मालाची तक्रार प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.