सार्वजनिक वाहतूक व्यवस्थापनाचे व्हिडिओ गेम

शहरातील बस, ट्रॅम, मेट्रो, लोकल आणि जलवाहतूक यांचे जाळे आखणे व ते चालते ठेवणे हा ज्यांचा मुख्य विषय असतो, असे संगणकीय खेळ. यात खेळाडू स्वतः गाडी हाकत नाही. थांबे कुठे द्यायचे, मार्ग कुठून न्यायचा, त्यावर किती गाड्या सोडायच्या, तिकीट किती ठेवायचे हे तो ठरवतो आणि परिणाम समोर पाहतो. त्यामुळे बस वा रेल्वे चालवण्याचे सिम्युलेटर या प्रकारात येत नाहीत. शहर वसवण्याच्या खेळांशी मात्र या प्रकाराची सरमिसळ होते, कारण अशा खेळांत शहर एका मर्यादेपलीकडे वाढले की वाहतूक हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो.

जपानच्या आर्टडिंक कंपनीची १९८५ पासूनची ‘ए-ट्रेन’ मालिका आणि ख्रिस सॉयर यांचा १९९४ चा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हे या परंपरेचे जुने आधार होत. त्यांत प्रवाशांबरोबर मालवाहतुकीलाही मोठे स्थान होते. ट्रान्सपोर्ट टायकूनच्या धर्तीवर २००४ मध्ये सुरू झालेला ‘ओपनटीटीडी’ आणि १९९९ पासूनचा ‘सिम्युट्रान्स’ हे दोन मुक्तस्रोत खेळ स्वयंसेवकांच्या बळावर आजही वाढत आहेत. फक्त शहरांतर्गत प्रवासाला वाहिलेला खेळ म्हणून ऑस्ट्रियातील जोवूड कंपनीच्या ‘ट्रॅफिक जायंट’चा (२०००) उल्लेख करावा लागतो. फिनलंडमधील टाम्पेरे येथील कलॉसल ऑर्डर कंपनीने २०११ मध्ये ‘सिटीज इन मोशन’ काढला. व्हिएन्ना, हेलसिंकी, बर्लिन आणि ॲमस्टरडॅम या चार शहरांत १९२० ते २०२० या काळातली वाहतूक त्यात सांभाळायची असते. याच कंपनीने पुढे ‘सिटीज: स्कायलाइन्स’ (२०१५) हा शहर वसवण्याचा खेळ केला. वाहतुकीच्या गणितावरची त्याची पकड या आधीच्या अनुभवातून आलेली आहे.

फेरीचा हिशेब

नवा खेळाडू बहुधा नकाशावर रेघा वाढवत जातो. जाळे मोठे दिसते, पण प्रवासी थांब्यावरच तिष्ठत राहतात. याचे कारण साध्या भागाकारात आहे. एका गाडीला टोकापासून टोकापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ भागिले मार्गावरच्या गाड्या, म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर. पूर्ण फेरी ४० मिनिटांची आणि बस ५ असतील, तर दर ८ मिनिटांनी बस मिळते. ६० जणांची बस धरली तर एका दिशेने तासाला ४५० प्रवासी जाऊ शकतात. तोच मार्ग पुढच्या वस्तीपर्यंत वाढवला आणि फेरी ५० मिनिटांची झाली, तर त्याच ५ बस दर १० मिनिटांनी येतील आणि तासाची क्षमता ३६० वर उतरेल. म्हणजे मार्ग लांबवताना गाडी वाढवली नाही, तर जुन्या प्रवाशांची सोय कमी करून नव्यांना ती दिलेली असते. सहावी बस घातल्यावरही अंतर सव्वाआठ मिनिटांच्या थोडे वर राहते. वाहतूक कोंडीने फेरी लांबली तरी नेमके हेच घडते. म्हणून मार्गाचा तक्ता उघडल्यावर एकूण प्रवाशांच्या आकड्याआधी फेरीचा वेळ पाहावा.

मिनी मेट्रो

हा हिशेब सर्वांत कमी साधनांत दाखवणारा खेळ म्हणजे न्यूझीलंडच्या डायनासोर पोलो क्लबचा ‘मिनी मेट्रो’. पीटर आणि रॉबर्ट करी या भावांनी एप्रिल २०१३ मध्ये लुडम डेअर या खेळ-निर्मिती स्पर्धेसाठी त्याचा पहिला नमुना केला. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तो मोबाइलवर पोचला. हॅरी बेक यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेल्या आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशाचे वळण त्याने उचलले आहे: रेघा सरळ किंवा ४५ अंशांत वळणाऱ्या, बाकी तपशील गाळलेला. डिझास्टरपीस या संगीतकाराने त्याचे ध्वनी गाड्यांच्या व प्रवाशांच्या हालचालींशी जोडले, आणि २०१६ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला ध्वनीसाठीचा पुरस्कार मिळाला.

स्थानके वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा आकारांची असतात. प्रवासीही आकारांचेच, चौकोनी प्रवाशाला कोणतेही चौकोनी स्थानक चालते. वर्तुळे भरपूर, त्रिकोण कमी, चौकोन त्याहून कमी, आणि तारा किंवा पंचकोन यांसारखे आकार बहुधा एकेकच. साध्या स्थानकावर ६ प्रवासी मावतात. त्याहून जास्त झाले की स्थानकाभोवती एक घड्याळ भरू लागते. गर्दी हटली तर ते हळूहळू मागे सरकते, नाही हटली तर खेळ तिथेच संपतो. इंजिनात ६ आणि जोडलेल्या प्रत्येक डब्यात आणखी ६ प्रवासी बसतात. एका मार्गिकेवर जास्तीत जास्त ४ गाड्या चालतात. खेळातल्या दर आठवड्याला एक इंजिन मिळते आणि नवी मार्गिका, डबा, बोगदे, बदली स्थानक अशांपैकी समोर येणाऱ्या दोन पर्यायांतून एक निवडायचा असतो. बदली स्थानकाची क्षमता १८ होते आणि चढ-उतारही वेगाने होते.

सर्वाधिक खेळ बुडतात ते सलग वर्तुळांमुळे. एका मार्गिकेवर ओळीने चार वर्तुळे आणि शेवटी त्रिकोण आहे असे समजा. चारही वर्तुळांवर तीन-तीन प्रवासी त्रिकोणाकडे जाण्यासाठी उभे आहेत. गाडी पहिल्या स्थानकावर तिघांना घेते, दुसऱ्यावर तिघांना घेते आणि भरते. तिसऱ्या व चौथ्या स्थानकावर ती थांबली तरी एकालाही जागा मिळत नाही, कारण मधे कोणीच उतरत नाही. पुढची गाडी येईपर्यंत पहिल्या दोन स्थानकांवर पुन्हा माणसे जमलेली असतात. त्रिकोणाला अगदी लागून असलेले चौथे स्थानक अशा रीतीने आधी फुटते, आणि खेळाडू चुकून त्या स्थानकातच दोष शोधत बसतो. उपाय मार्गिकेच्या क्रमात असतो. वर्तुळांच्या मधे त्रिकोण किंवा चौकोन आणावा, म्हणजे गाडी दर दोन-तीन स्थानकांवर रिकामी होते. ते जमत नसेल तर दोन्ही टोके जोडून वर्तुळाकार मार्ग करावा आणि दोन गाड्या उलट दिशेने सोडाव्यात. मग चौथ्या स्थानकाला त्रिकोणाकडून येणारी रिकामी गाडी मिळते.

एकुलत्या एका चौकोनाकडे सगळ्या मार्गिका नेणे ही दुसरी नेहमीची चूक. प्रवास थेट होतो खरा, पण बदली करणारे आणि उतरणारे एकाच ठिकाणी आदळतात. दुसरा चौकोन उगवला की काही मार्गिका लगेच तिकडे वळवाव्यात. खेळ थांबवून रेघा हव्या तशा पुन्हा ओढता येतात. जुन्या रुळावरची गाडी आपला टप्पा संपवूनच नव्या मार्गावर येते. एक राखीव इंजिन हाताशी ठेवून ज्या स्थानकाचे घड्याळ भरते आहे तिथे रिकाम्या बाजूने सोडणे हा अनुभवी खेळाडूंचा हातखंडा उपाय आहे. ‘एक्स्ट्रीम’ प्रकारात टाकलेला रूळ हलवता येत नाही, त्यामुळे तिथे सुरुवातीच्या रेघा फार जपून ओढाव्या लागतात. या खेळात मुंबईचाही नकाशा आहे.

प्रवाशाला कुठे जायचे आहे

या खेळांतला सर्वांत मूलभूत फरक ग्राफिक्समध्ये नसून प्रवाशाच्या नियमात आहे. ओपनटीटीडीच्या मूळ पद्धतीत प्रवाशाला ठरलेले मुक्कामाचे ठिकाण नसते. जी गाडी येईल तिच्यात तो बसतो आणि ती नेईल तिथे उतरतो. भाडे अंतर, वेळ आणि संख्या यांवर मिळते. साहजिकच गावातल्या गावात बस फिरवण्यापेक्षा दूरच्या दोन गावांना जोडणे फायद्याचे ठरते. पैसा भरपूर सुटतो, पण शहराची गरज भागली की नाही हे त्यातून कळत नाही. प्रवाशांना ठरावीक ठिकाणी पाठवण्याची सोय चालू केली की चित्र बदलते: बदलीचे थांबे तुंबतात, आणि एका मार्गावरची ढिलाई तीन मार्गांपलीकडे जाणवते. बस-थांब्याचा आवाका तिथे नकाशाच्या ३ चौकटी आणि रेल्वे स्थानकाचा ४ चौकटी असतो, म्हणून थांबे अगदी लागून देण्यात अर्थ नसतो. बसची देखभाल मुळात दर १५० दिवसांनी ठरलेली असते. आगार मार्गालगत नसेल तर बस आडवळणाने जाते आणि तिच्यामागे पडलेली फट प्रवाशांना भोवते.

सिम्युट्रान्समध्ये प्रत्येक प्रवासी ठिकाण ठरवूनच निघतो. तिथपर्यंत जोडणी नसेल तर तो प्रवासच करत नाही. हा नियम कडक आहे, पण जाळ्याचे जाळेपण तोच शिकवतो. सिटीज इन मोशनमध्ये कामगार, कार्यालयीन नोकर, विद्यार्थी, निवृत्त, व्यावसायिक, पर्यटक आणि बेरोजगार असे सात गट आहेत आणि प्रत्येकाची ये-जा वेगळ्या ठिकाणी होते. विद्यापीठाकडे जाणाऱ्या ट्रॅमचे तिकीट वाढवले तर फटका विद्यार्थ्यांना बसतो, हे तिथे रस्त्यावरच दिसते.

जोडीने येणाऱ्या गाड्या

बराच वेळ बस नाही आणि मग दोन-तीन एकदम, हा प्रकार खेळांतही हुबेहूब घडतो. पुढच्या बसला सिग्नलला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या बसला माणसेच कमी मिळतात, म्हणून ती वेगाने येऊन पुढचीला गाठते. अशा वेळी मार्गावर आणखी बस घालणे हा चुकीचा उपाय आहे: थांब्यामागे रांग लागते आणि रस्ताही अडतो. लांब मार्ग मधे तोडणे, रस्त्यावर बससाठी वेगळी पट्टी राखणे, किंवा टोकाला थांबून वेळ जुळवणे यांनी दोष आटोक्यात येतो. ओपनटीटीडीत वेळापत्रक लावताना ४० मिनिटांच्या फेरीला ४४ मिनिटे दिली, तर उशिरा आलेली बस टोकाला कमी थांबते आणि पुन्हा वेळेवर सुटते. ‘सिटीज इन मोशन २’ने (२०१३) वेळापत्रक, आगार, भाड्याचे विभाग आणि दिवस-रात्र या गोष्टी आणल्या. तो शिकायला किचकट आहे, पण गर्दीची वेळ आणि दुपारची शांत वेळ यांना वेगवेगळ्या फेऱ्या द्याव्या लागतात ही वस्तुस्थिती त्याने टाळली नाही. स्कायलाइन्समध्ये गाड्यांची संख्या मार्गाची लांबी आणि अंदाजपत्रकाची टक्केवारी यांवरून ठरते. तिथे साध्या बसमध्ये ३०, ट्रॅममध्ये ९० आणि मेट्रोत १८० प्रवासी मावतात. गर्दीच्या रस्त्यावर बसची रांग दिसू लागली की ट्रॅमचा विचार करायचा तो यामुळे.

खऱ्या नकाशावर

‘निम्बी रेल्स’ (२०२१ पासून) ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी केलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर सगळ्या जगाचा नकाशा देतो, त्यामुळे मुंबई, पुणे किंवा नागपूरची मार्गिका प्रत्यक्ष अंतरांसह टाकता येते. मुंबईची फास्ट-स्लो पद्धत बसवताना चार रुळांचे महत्त्व लगेच कळते. टोकापर्यंत स्लो गाडीला ६० आणि फास्टला ४५ मिनिटे लागत असतील, तर स्लोनंतर १० मिनिटांनी त्याच रुळावर सुटलेली फास्ट दोन-तृतीयांश अंतरावर तिच्या मागे अडकते. मग एकतर स्वतंत्र रूळ हवेत किंवा मधल्या स्थानकात स्लोला बाजूला घेण्याची सोय हवी. बदलीचा ताणही असाच उघड होतो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो १२ स्थानकांची आहे, पण लोकलशी तिची गाठ अंधेरी आणि घाटकोपर येथे पडते. खेळात ही मार्गिका आखली की या दोन फलाटांकडेच लक्ष ठेवावे लागते.

सुरुवात मिनी मेट्रोपासून करणे सोयीचे: एक डाव अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि चूक कुठे झाली हे नकाशावरच दिसते. त्यानंतर सिम्युट्रान्स किंवा ओपनटीटीडी घ्यावा. दोन्ही फुकट मिळतात आणि जुन्या संगणकावरही चालतात. ओपनटीटीडीचे अपूर्ण अवस्थेतले मराठी भाषांतरही उपलब्ध आहे, आणि त्यात भर घालण्याचे काम स्वयंसेवकांना खुले आहे.