आघातोत्तर तणाव विकारातील संप्रेरक-बदल

युद्ध, लैंगिक अत्याचार, बालपणीचा छळ किंवा भूकंपासारख्या जीवघेण्या अनुभवानंतर काही जणांची ताणाला तोंड देणारी शारीरिक यंत्रणा वर्षानुवर्षे बिघडलेली राहते. या अवस्थेला पीटीएसडी (आघातोत्तर तणाव विकार) या नावाने अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. ‘ताण वाढला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते’ हे समीकरण इथे लागू पडेलच असे नाही.

धोका जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक स्रवते, त्यामुळे खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक आणि मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) कॉर्टिसॉल. हेच कॉर्टिसॉल मेंदूतील ग्राहींना (संप्रेरक पकडणाऱ्या रेणूंना) चिकटून वरची आज्ञा थांबवते. म्हणजे वाहनाचा वेग आणि ब्रेक एकाच तारेवर. नैराश्यात हा ब्रेक बरेचदा सैल होतो, पीटीएसडीत तो जास्तच घट्ट बसलेला आढळतो. जॉन मेसन व सहकाऱ्यांना १९८६ मध्ये पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांच्या लघवीत कॉर्टिसॉल कमी आढळले. पुढे संशोधक रेचल येहुदा यांनी डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखे काम करणारे कृत्रिम औषध) देऊन ब्रेक तपासणाऱ्या चाचणीत नेहमीच्या १ मिग्रॅऐवजी ०.५ मिग्रॅची गोळी वापरली. रात्री ११ च्या सुमारास गोळी, दुसऱ्या सकाळी रक्त. एवढ्या कमी मात्रेतही रुग्णांचे कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त खाली जाते. मेंदूजलात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) मात्र सीआरएच वाढलेले सापडते: वरून आज्ञा जोरात, खाली उत्पादन आखडलेले. सर्वच अभ्यासांत कॉर्टिसॉल कमी दिसलेले नाही. आघात झाला तेव्हाचे वय, त्यानंतर लोटलेला काळ, सोबतचे नैराश्य यांनुसार आकडे बदलतात.

शरीराला सावध ठेवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाची बाजू अधिक सरळ आहे. मेंदूच्या देठातील, ते बनवणारा लोकस सेरुलियस हा पेशीसमूह अतिसक्रिय राहतो. दचकणे, उडालेली झोप आणि रात्रीची भयस्वप्ने यांत त्याचा मोठा वाटा आहे. भीतीची खूण पकडणारा अमिग्डाला जास्त पेटतो, त्याला आवर घालणारा मध्यवर्ती पूर्वललाट भाग कमी काम करतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लहान दिसतो, पण कॉर्टिसॉलने तो झिजवला असे बेधडक म्हणता येत नाही. २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ तपासले, तेव्हा तीव्र विकार असलेल्यांच्या घरी बसलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. काही अंशी ही जोखीम आधीचीच असावी.

प्रयोगशाळेत कॉर्टिसॉल मोजताना चुका सहज होतात. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल शिखरावर असते आणि मध्यरात्री तळाला, त्यामुळे वेळ न नोंदवलेला नमुना जवळपास निरुपयोगी. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि रक्तातील एकूण आकडा फसवा चढतो. दम्याचा स्टिरॉइड पंप किंवा त्वचेचे मलम उलट परिणाम करू शकते. लाळेच्या चाचणीआधी खाणे आणि दात घासणे टाळावे, कारण हिरड्यांतून रक्त आले तरी निकाल बिघडतो.

एवढे करूनही कॉर्टिसॉलची चाचणी पीटीएसडीचे निदान करत नाही. ते लक्षणांवरूनच होते. बाजारात खपणारे ‘अधिवृक्क थकवा’ (ताणाने अधिवृक्क ग्रंथी थकल्या असा दावा) हे निदान अंतःस्रावतज्ज्ञ मानत नाहीत, आणि त्यासाठी स्टिरॉइड घेणे धोक्याचे आहे. उपचारात आघात-केंद्रित मानसोपचार आधी येतो. औषधांत सर्ट्रालिन व पॅरोक्सेटिन. नॉरअॅड्रेनॅलिनचा एक ग्राही अडवणारे प्राझोसिन भयस्वप्नांसाठी दिले जाते, पण २०१८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ते सुरू करताना पहिली मात्रा १ मिग्रॅ, झोपतानाच देतात, कारण उठून उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम पडून चक्कर येऊ शकते.