महागडा डायव्हर्टर बसवला की शॉवरचा फोर्स वाढतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाथरूमचं काम निघालं की हा सल्ला मिळतोच: भारीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) घ्या, पाणी जोरात येईल. इतक्या जणांकडून ऐकल्यावर तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण व्हॉल्व्ह दाब तयार करत नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: 10 मीटरला साधारण 1 बार (बार म्हणजे दाबाचं एकक). टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा 3 मीटर वर असेल, तर मिळणार 0.3 बार, तोही वाटेतल्या पाइप-एल्बोंमध्ये थोडा घटून. वॉल मिक्सर, सिंगल लिव्हर, भिंतीतला डायव्हर्टर, सगळे गरम-थंड पाणी मिसळतात किंवा नळाकडून शॉवरकडे वळवतात. थर्मोस्टॅटिक असेल तर तापमानही स्थिर ठेवतो. इतकंच. मोठ्या वाटेचा, म्हणजे हाय फ्लो डायव्हर्टर अडथळा कमी करतो, म्हणून धार सुधारू शकते. दाब तोच राहतो. आणि काही मॉडेलना कमी दाब चालतच नाही. पेटीवरचा किमान दाब वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण टाइल्स बसल्यावर व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे भिंत फोडणं.

घरी तपासता येतं. शॉवर पूर्ण सोडून 10 लिटरची बादली भरायला लागणारी सेकंदं मोजा. मग शॉवरचं तोंड काढून उघड्या पाइपखाली पुन्हा मोजा. आता झटकन भरली, तर अडथळा तोंडातच आहे. क्षार साचले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवा. उघड्या पाइपखालीही बादली रेंगाळली, तर आधी व्हॉल्व्ह आणि पाइप चोंदलेत का ते पाहा. तेही मोकळे निघाले, तर टाकी उंच करा किंवा प्रेशर पंप बसवा.