सीआयडी जिंकली की केडी? आधी तपास आणि खटला वेगळा करा

गणपतीत आरत्या आटोपल्या आणि भजनाची मंडळी यायला अवकाश असला, की कुणीतरी मोबाईलवर 'सीआयडी विरुद्ध अदालत' लावतो आणि दर वर्षीचा वाद पुन्हा पेटतो. एकजण म्हणतो, "केडीन एसीपीक हरवल्यान!" दुसरा लगेच उसळतो, "सीआयडी कधी हरणा नाय." मग घरातले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. २०१२ साली सोनीने या दोन मालिकांची गाठ घालून दिली, त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी वाद होता तिथेच आहे. कारण दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गोष्टीवर उभ्या आहेत. दोघांनाही वाटतं की एसीपी प्रद्युम्न आणि के. डी. पाठक एकच काम करतात, एक वर्दीशिवाय आणि दुसरा काळ्या कोटात.

आपण हे असं का पाहतो, ते समजू शकतं. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने टाकलेला प्रश्न दुसरा गजरातून सोडवतो आणि पहाटेपर्यंत कोण भारी ते ऐकणारे ठरवून टाकतात. मालिकेच्या नावातच 'विरुद्ध' म्हटल्यावर आपण तोच कान लावून बसतो. पण डबलबारीत दोन्ही बुवा भजनच म्हणत असतात. इथे तसं नाही.

एपिसोडची गोष्ट सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना पाठ आहे, ज्यांनी नाही पाहिला त्यांची मजा घालवायची नाही. सीआयडीबद्दलही फार सांगण्याची गरज नाही. १९९८ पासून ती घरातच आहे. शिवाजी साटमांची ती फिरणारी बोटं, दयाने तोडलेले दरवाजे, अभिजीतची तिरपी नजर, साळुंखेंच्या लॅबमधला तात्काळ निकाल. 'अदालत' २०१० ला आली, रोनित रॉयचा केडी कोर्टात उभा राहून अडकलेल्या माणसाला सोडवू लागला. एकीत अधिकाऱ्यांचं पथक, दुसरीत एकटा वकील. एकीत बंगला नाहीतर गोदाम, दुसरीत साक्षीदाराचा पिंजरा. हे फरक डोळ्यांना दिसतातच. आणखी एक छोटा: खऱ्या महाराष्ट्रात राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्याला आहे आणि मुंबईतले खून मुंबई पोलीस आणि त्यांची गुन्हे शाखा पाहते. मालिकेने नाव एकाचं घेतलं आणि काम दुसऱ्याचं. त्याने काही बिघडत नाही, पुढे जाऊ.

बिघडतं ते इथे. गुन्हेगार कोण हे कळणं ही एक गोष्ट. समोरच्या आरोपीवरचा गुन्हा कोर्टात शाबीत होणं ही दुसरी. सीआयडी पहिल्या गोष्टीपाशी थांबते. अदालत दुसरीपासून सुरू व्हायला हवी. मधलं अंतर किती मोठं आहे ते एका गोष्टीवरून कळतं: कबुली.

सीआयडीचा शेवट आठवा. संशयिताला घेरतात, दयाची एक थप्पड बसते आणि तो म्हणतो, हो, मीच मारलं. एपिसोड संपला, आपण उठून जेवायला बसलो. आता हीच कबुली कोर्टात नेली तर तिचं काय होतं? काहीच होत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २३ मध्ये आहे. इंग्रज गेले, कायद्याचं नाव बदललं, हे तत्त्व राहिलं. कारण उघड आहे: पोलिसांना कबुलीवर खटला जिंकता आला, तर प्रत्येक कोठडीत कबुलीच काढली जाईल. शिवाय राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात संमतीशिवाय नार्को चाचणी करायला मनाई केली.

कबुली चालायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी लागते. दंडाधिकारी आधी आरोपीला स्पष्ट सांगतो, की कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. त्यानंतरही तो स्वखुशीने बोलतोय अशी खात्री पटली तरच लिहून घेतो. सीआयडीतला कुठलाही शेवटचा प्रसंग या कसोटीत बसत नाही.

आता इथे लोक लगेच विचारतात, मग पोलीस आरोपीला घेऊन हत्यार शोधायला जातात ते कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि याच जागी सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश पाहू. समजा, वाडीत एकाचा खून झालाय. संशयित कोठडीत सांगतो, "मी त्याला कोयत्याने मारलं. तो कोयता आमच्या पोफळीच्या बागेत, विहिरीजवळच्या दगडाखाली पुरलाय. चला, दाखवतो." पोलीस दोन पंचांना बोलावतात, त्यांच्यासमोर हे निवेदन लिहून घेतात, त्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. मग सगळे बागेत जातात, आरोपी दगड दाखवतो, कोयता निघतो, सील होतो, दुसरा पंचनामा होतो. कोर्टात यातलं काय जातं? "कोयता इथे पुरलाय" एवढं जातं, कारण त्यातून खरोखर काहीतरी सापडलं. "मी त्याला कोयत्याने मारलं" हे जात नाही, तेच वाक्य, तोच श्वास असला तरी. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ही रेघ आखली आणि आजही न्यायालयं त्याच रेघेवर चालतात. म्हणजे सिद्ध काय झालं? कोयता कुठे आहे हे या माणसाला माहीत होतं. त्यावरचं रक्त मृताचं होतं का, ते सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, सांगेल. तो चालवला कुणी, ते अजून सिद्ध व्हायचंच आहे.

एसीपीसाठी केस संपली ती "मीच मारलं" या शब्दांवर. न्यायाधीशासाठी त्या शब्दांना किंमत शून्य आणि दगडाखालच्या कोयत्याला किंमत आहे. हे एकदा नीट डोक्यात बसलं की 'केडीने एसीपीला हरवलं' हे वाक्यच पोकळ वाटायला लागतं. एसीपीचा संशय बरोबर असू शकतो आणि तरी आरोपी सुटू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

कोकणात हा घोळ जास्त होतो, त्याला माझ्या मते एक कारण आहे. कोर्ट आपल्याला परकं नाही. सातबाऱ्यावरचं नाव, भावकीची वाटणी, बांध सरकवल्याचा दावा, पाणंदीचा हक्क, कुळाचा वाद, हे बोलण्यात घराघरात माणसं तयार आहेत. पण हे सगळं दिवाणी. दिवाणीत दोघांपैकी कुणाची बाजू जास्त संभवनीय, तेवढं पाहतात. पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी निकाल लागतो. तीच मोजपट्टी घेऊन आपण फौजदारी खटल्याकडे बघतो आणि म्हणतो, "अरे, सगळं त्याच्याकडेच बोट दाखवतंय की!" फौजदारीत बोट दाखवून भागत नाही. वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. उरली, तर तिचा फायदा आरोपीला.

नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावर खटला असेल तर त्याची कसोटी आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात घालून दिली गेली, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. आरोपीने 'केलं असेल' आणि आरोपीनेच 'केलं असलं पाहिजे' यांत अंतर आहे, असं न्यायालयाने बजावलं. पुराव्याची साखळी इतकी पुरी हवी की दुसऱ्या कुठल्याही शक्यतेला वाव राहू नये. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक सीआयडी चाहत्याने वाचावी: आरोपीने खोटं सांगितलं एवढ्यावरून साखळीतली तुटलेली कडी जोडता येत नाही. सीआयडीत मात्र संशयित खोटं बोलताना पकडला गेला की तो गुन्हेगार ठरलाच. बायकोपासून काहीतरी लपवायला, कर्ज दडवायला, घाबरून, माणूस शंभर कारणांनी खोटं बोलतो.

आता केडीच्या चाहत्यांकडे वळतो, कारण त्यांचा घोळ याहून अवघड आहे. 'अदालत'मध्ये केडी आपल्या अशिलाला सोडवतो कसा? खऱ्या खुन्याला भर कोर्टात उघडा पाडून. हा साचा जुना आहे. अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात चाललेल्या 'पेरी मेसन'मध्ये रेमंड बरचा वकील हेच करायचा, साक्षीदार पिंजऱ्यातच कोसळायचा. बघायला थरार येतो, मलाही येतो. पण त्यातून प्रेक्षकांच्या मनात एक भलतीच अट बसली: आरोपी निर्दोष असेल तर वकिलाने खरा गुन्हेगार आणून दाखवावा. कायदा बचावाच्या वकिलाकडून असं काही मागत नाही. सरकारी वकिलाचा पुरावा पुरा पडत नाही एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. अनेकदा बचाव पक्ष एकही साक्षीदार तपासत नाही. गावात कुणी निर्दोष सुटला की "मग केलं कुणी?" असं विचारत लोक त्याच्याकडे वर्षानुवर्षं वाकड्या नजरेने पाहतात. त्या नजरेला अशा मालिकांनीच खतपाणी घातलंय, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला नाही, त्याने खुनी शोधून देण्याचं ओझं का वाहावं?

म्हणजे गंमत अशी, की केडी कोर्टात उभा राहून तपास अधिकाऱ्याचंच काम करतो. म्हणूनच दोघे समोरासमोर आले की एकाच पदाचे दोन उमेदवार वाटतात आणि आपण मतं मोजायला बसतो.

आणखी एक जुनी खुपणारी गोष्ट, थोडक्यात. एसीपी आरोपीला सुनावतो की आता तुला फाशीच होणार. पोलीस अधिकारी हे ठरवत नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, आणि सत्र न्यायालयाने दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. ओरोसला (सिंधुदुर्गाचं जिल्हा ठिकाण) किंवा रत्नागिरीला अशी शिक्षा झालीच, तर तिची पुष्टी करण्याचा विषय आता कोल्हापूरला जाईल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या हद्दीत आहेत. रायगड मुंबईकडेच राहिला.

मग या दोन मालिकांची खरी गाठ कुठे पडायला हवी होती? माझ्या मते एकाच जागी: तपासी अंमलदाराचा उलटतपास. जवळपास प्रत्येक खुनाच्या खटल्यात तो होतो. तिथे पोलीस अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असतो आणि वकील त्याला प्रश्न विचारतो. तिथे थप्पड चालत नाही, लॅबमधली घाई चालत नाही, आवाज चढवूनही उपयोग नसतो.

साक्षीदाराने पोलिसांना सांगितलेलं असतं, "अंधार होता, चेहरा दिसला नाही." दोन वर्षांनी तोच कोर्टात ठामपणे म्हणतो, "मी याला ओळखलं." पोलिसांनी नोंदवलेल्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही. पण त्यातली विसंगती वकील साक्षीदारापुढे ठेवू शकतो. साक्षीदार म्हणाला, "मी असं सांगितलंच नव्हतं," तर तपासी अंमलदाराला विचारावं लागतं: हा जबाब तुम्ही नोंदवला का, त्यात हे वाक्य आहे का? अधिकाऱ्याला "हो" म्हणावंच लागतं. त्या एका "हो" ने ओळख पटवण्याचा पुरावा डळमळतो. खुनी कोण हे वकिलाला माहीत असण्याची गरजच पडली नाही.

आता दयाला पिंजऱ्यात उभा करा आणि केडीला विचारू द्या. दरवाजा तोडला तेव्हा पंच बरोबर होते का? ते त्याच वाडीतले होते की पोलीस ठाण्यात नेहमी पंच म्हणून येणारे? पंचनामा जागेवर लिहिला की ठाण्यात येऊन? जप्तीचं व्हिडिओ चित्रण कुठे आहे, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने ते सक्तीचं आहे ना? मुद्देमालाला लाखेचं सील कुणी लावलं? कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो कितव्या दिवशी पोचला, आणि तोवर कुणाच्या ताब्यात होता? यातल्या एकाही प्रश्नाला "कुछ तो गड़बड़ है" हे उत्तर चालणार नाही. दया प्रामाणिक असेल आणि त्याने काम नीट केलं असेल, तर तो प्रत्येक प्रश्नाला तारीख-वेळेसह उत्तर देईल आणि केडीला खाली बसावं लागेल. तसं घडलं तर मात्र मी उभा राहून टाळ्या वाजवीन, सीआयडीसाठी.

हे पडद्यावर मिळालं नाही, पण प्रत्यक्षात पाहायला मिळतं. फौजदारी खटले उघड्या न्यायालयात चालतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसारखे अपवाद सोडले, तर मागच्या बाकावर शांत बसून ऐकायला सहसा कुणाची हरकत नसते. गणपतीची रजा संपायच्या आत, कामकाजाच्या दिवशी, ओरोसला किंवा रत्नागिरीला सत्र न्यायालयात जा आणि बोर्डावर कुठल्या खटल्यात तपासी अंमलदाराची साक्ष लागलीय ते बघा.