उजवा श्रोता घडला कसा? अमेरिकी रेडिओपासून पॉडकास्टपर्यंतची पार्श्वभूमी

अमेरिकेत कामावर जाताना गाडीत बेन शपिरो किंवा स्टीव्ह बॅनन या उजव्या विचारांच्या निवेदकांचं पॉडकास्ट लावणाऱ्या माणसाशी कुठल्याही बातमीवर बोलून बघा. निवडणूक असो, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं असोत की बिअरची जाहिरात, त्याच्या बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून होते: मोठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या आपल्याला खरं सांगत नाहीत. याचं खापर हल्ली समाजमाध्यमांवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. हा श्रोता इंटरनेटच्या कितीतरी आधी, एएम म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओवर तयार झाला. त्याच्या मनातल्या संशयाला काही खऱ्या घटनांचा आधारही आहे. त्या ठाऊक नसतील, तर त्याचा राग नुसताच आरडाओरडा वाटतो आणि त्याच्याशी वाद घालणंही जमत नाही.

रेडिओवरच्या राजकीय आवाजाची ताकद अमेरिकेने पहिल्यांदा अनुभवली ती 1930च्या दशकात. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावातले कॅथलिक पाद्री चार्ल्स कॉफलिन यांची भाषणं कोट्यवधी लोक ऐकत. आधी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे समर्थक, मग कडवे विरोधक आणि शेवटी उघड ज्यूद्वेष्टे, असा त्यांचा प्रवास झाला. 1940पर्यंत त्यांचा आवाज प्रक्षेपणातून बाद झाला, पण सरकारने धडा घेतला होता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, तेव्हा परवाना घेणाऱ्या केंद्राने वादाच्या प्रश्नांवर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, असा नियम रेडिओला परवाने देणाऱ्या सरकारी संपर्क आयोगाने 1949मध्ये पक्का केला. यालाच फेअरनेस डॉक्ट्रिन म्हणतात.

नियम कागदावर न्याय्य होता. तो वापरला कसा गेला, हे पाहण्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन गावात जावं लागतं. तिथल्या एका छोट्या ख्रिस्ती रेडिओ केंद्रावर नोव्हेंबर 1964मध्ये बिली जेम्स हार्जिस या कम्युनिस्टविरोधी धर्मोपदेशकाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लागला. त्यात त्यांनी फ्रेड कुक या पत्रकारावर टीका केली, कारण कुकने रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं. कुकने उत्तर द्यायला फुकट वेळ मागितला. केंद्राने त्याला दरपत्रक पाठवलं: पंधरा मिनिटांना साडेसात डॉलर. या साडेसात डॉलरचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969मध्ये न्यायालयाने एकमताने नियमाच्या बाजूने निकाल दिला. पुढे फ्रेड फ्रेंडली या ज्येष्ठ पत्रकाराने शोधून काढलं, की कुकच्या लेखनामागे डेमोक्रॅटिक पक्षाचं पाठबळ होतं. शिवाय उजव्या विचारांच्या छोट्या केंद्रांना फुकट वेळेच्या मागण्यांनी जेरीस आणायचं, ही केनेडी आणि जॉन्सन यांच्या काळातली ठरवून आखलेली मोहीम होती.

कार्ल मॅकइंटायर या पाद्र्याची कथा आणखी पुढची. त्यांच्या प्रभावाखालच्या मीडिया (पेनसिल्व्हेनियातल्या गावाचंच हे नाव) इथल्या केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण आयोगाने याच नियमावर बोट ठेवून 1970मध्ये नाकारलं आणि 1973मध्ये ते बंद पडलं. मॅकइंटायर गप्प बसले नाहीत. त्यांनी न्यू जर्सीच्या केप मे किनाऱ्यापलीकडे जहाज नेलं आणि तिथून रेडिओ फ्री अमेरिका या नावाने प्रक्षेपण सुरू केलं. न्यायालयाने ते लगेच थांबवलं. मॅकइंटायर यांची मतं मला अजिबात मान्य नाहीत. तरीही एका बाजूच्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला समुद्रात जावं लागलं, ही आठवण त्यांचे श्रोते कशी विसरतील? ‘आमचा आवाज दाबला जातो’ हे वाक्य आज प्रत्येक उजव्या पॉडकास्टवर ऐकू येतं. त्याचं मूळ इथे आहे.

1987मध्ये रेगन यांच्या काळातल्या आयोगाने फेअरनेस डॉक्ट्रिनचा हा नियम मोडीत काढला. रेगन स्वतः रेडिओचेच. तरुणपणी त्यांनी आयोवात सामन्यांचं धावतं वर्णन केलं होतं आणि 1970च्या दशकात रोजचं राजकीय भाष्यही. संसदेने नियमाला कायद्याचं रूप द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी नकाराधिकार वापरला. योगायोगाने याच सुमारास एएम केंद्रं डबघाईला आली होती. संगीत ऐकणारे लोक एफएमकडे गेले होते आणि एएमच्या खरखरीत आवाजावर खपेल असा माल एकच उरला होता: बोलणं. (आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे हा प्रकार भारतात रुजलाच नाही.)

1 ऑगस्ट 1988 रोजी मिझुरीच्या केप जिरार्डो गावचे रेडिओ निवेदक रश लिंबॉ न्यूयॉर्कहून देशभर बोलू लागले. सुरुवातीला 56 केंद्रं होती, पुढे ती सहाशेच्या वर गेली. व्यवहार साधा होता. केंद्राला कार्यक्रम फुकट, बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं लिंबॉ यांच्या कंपनीची. गावोगावच्या तोट्यातल्या केंद्रांना हे वरदानच वाटलं. पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बारा ते तीन, रोज तीन तास. लिंबॉ पाहुणे फारसे बोलवत नसत. बातमी वाचायची, वृत्तपत्राची खिल्ली उडवायची, गाणी वाजवायची, फोन घ्यायचे. फोन करणारा आधी भरभरून कौतुक करी, त्यात वेळ जाई, म्हणून पुढचा श्रोता नुसतं ‘डिट्टो’ म्हणून मुद्द्यावर येऊ लागला आणि श्रोत्यांना डिट्टोहेड हेच नाव पडलं. काही उपाहारगृहांनी जेवणाच्या सुट्टीत हा कार्यक्रम ऐकायला वेगळी खोली ठेवली, तिला लोक रश रूम म्हणत.

या नात्याचं खरं रूप दिसलं ते मे 1993मध्ये. कोलोरॅडोतल्या एका श्रोत्याने फोनवर सांगितलं, की तुमच्या मासिक पत्रिकेची वर्गणी मला परवडत नाही. लिंबॉ यांनी सुचवलं, केक-बिस्किटं विकून पैसे उभे कर. फोर्ट कॉलिन्समध्ये विक्री ठरली आणि तीस डॉलरच्या आतल्या त्या वर्गणीच्या निमित्ताने हजारो लोक गाड्या, बसगाड्या करून आले. लिंबॉ स्वतःही गेले. ट्रक चालवताना, दुकानात, शेतावर एकेकटे ऐकणारे लोक तिथे पहिल्यांदा एकमेकांना भेटले आणि आपण एवढे आहोत, हे त्यांना कळलं. टीकाकार या श्रोत्यांना मेंढरं म्हणत. मला इथे एकटेपणा संपल्याचा आनंद दिसतो, आणि राजकारणात त्याची किंमत फार मोठी असते.

या श्रोत्याला अर्थसंकल्पापेक्षा मालिका, शाळा, चर्च आणि जाहिराती जास्त डिवचतात, त्यालाही इतिहास आहे. मे 1992मध्ये उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या अविवाहित आईवर भाषणात टीका केली. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या रिपब्लिकन अधिवेशनात पॅट ब्युकॅनन या उजव्या नेत्याने देशाच्या आत्म्यासाठी सांस्कृतिक युद्ध चालू असल्याचं जाहीर केलं. रेडिओला हा विषय सोन्यासारखा होता. करप्रणाली समजावून सांगायला तास लागतो. मालिकेतला प्रसंग मात्र काल रात्री सगळ्यांनीच पाहिलेला असतो. 2023मध्ये बड लाइट बिअरने एका ट्रान्सजेंडर व्यक्तीबरोबर प्रसिद्धी केल्यावर बहिष्कार पेटला आणि अमेरिकेतला पहिला क्रमांक त्या बिअरने मोडेलो या दुसऱ्या बिअरला गमावला. श्रोत्याला संसदेत जे वर्षानुवर्षं साधलं नव्हतं, ते त्याने दुकानात काही आठवड्यांत करून दाखवलं.

पण संसदेतही त्याची ताकद लहान नव्हती. 1994मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं आणि नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना मानद सदस्य करून घेतलं. माझ्या मते 2007 अधिक महत्त्वाचं. तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश रिपब्लिकन, स्थलांतर सुधारणा विधेयक त्यांच्याच पाठिंब्याचं. रेडिओवरच्या निवेदकांनी विरोध केला, श्रोत्यांनी सिनेटचे फोन इतके खणखणवले, की यंत्रणा बंद पडली. 28 जूनला विधेयक पडलं. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला आपण नमवू शकतो, हे श्रोत्याला त्या दिवशी समजलं, आणि ट्रम्प यांचं 2016चं यश या घटनेशिवाय मला नीट उलगडत नाही.

मग पॉडकास्ट आलं. अॅपलने जून 2005मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली, पण उजवीकडच्या मोठ्या स्थलांतराला जाहिरातदार कारणीभूत झाले. 2012मध्ये लिंबॉ यांनी संततिनियमनाच्या विम्यावर साक्ष देणाऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल अत्यंत हीन शब्द वापरले. माफी मागूनही मोठ्या कंपन्या निघून गेल्या. नव्या पिढीने यातून ओळखलं, की पैसा थेट श्रोत्याकडूनच यायला हवा. उजवे निवेदक ग्लेन बेक यांनी 2011मध्येच सदस्यवर्गणीवर चालणारी वाहिनी काढली होती. 2015मध्ये डेली वायर ही उजवी माध्यम कंपनी निघाली आणि शपिरो यांचा कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. वर्गणीने निवेदक जाहिरातदारांच्या धाकातून सुटला आणि श्रोत्यांच्या धाकात आला. श्रोत्याला न रुचणारं बोललं, की वर्गणी बंद. लिंबॉ यांच्या वेळी सहाशे केंद्रांवर एकच आवाज होता. आता श्रोता एका बोटाने पुढच्या आवाजाकडे जातो. फेब्रुवारी 2021मध्ये लिंबॉ गेले. त्यांची जागा एका कोणालाही मिळाली नाही.

सत्तेचं आणि कार्यक्रमाचं अंतरही मिटलं. ऑक्टोबर 2024मध्ये ट्रम्प यांनी लोकप्रिय पॉडकास्ट करणारे जो रोगन यांच्याशी सुमारे तीन तास गप्पा मारल्या, आणि मिशिगनमधल्या सभेत लोक रात्री ताटकळत बसले. पॉडकास्ट करणारे डॅन बॉन्जिनो 2025मध्ये एफबीआयचे उपसंचालक झाले. 10 सप्टेंबर 2025 रोजी यूटातल्या विद्यापीठात चार्ली कर्क या उजव्या निवेदकाची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा पाच दिवसांनी उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी कर्क यांचा कार्यक्रम चालवला, तोही व्हाइट हाउसमधून.

पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांपर्यंत हा आवाज पोहोचला तो डिसेंबर 2024च्या अखेरीस. भारतीय वंशाचे रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी यांनी अमेरिकी संस्कृती सामान्यपणालाच मान देते, असं लिहिलं आणि एच-1बी व्हिसावरून उजव्या गोटात भडका उडाला. इलॉन मस्क व्हिसाच्या बाजूने, तर बॅनन आपल्या ‘वॉर रूम’ या पॉडकास्टमधून विरोधात. 2007मध्ये सिनेटचे फोन बंद पाडणारा श्रोताच पुन्हा बोलत होता. पुढच्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. सुट्टीवर भारतात आलेल्या अनेकांनी घाईघाईने परतीची तिकिटं काढली, कारण हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा सरकारने दुसऱ्या दिवशी केला.