सॅक्सोफोनवरचं स्केल आणि आर्पेजिओ: एकात बोटांची कसोटी, दुसऱ्यात फुंकरीची

पुण्यात सॅक्सोफोन हातात घेणारे बरेच जण आधी पेटीवर अलंकार घोटून आलेले असतात. स्केल म्हणजे सातही स्वर ओळीने. त्यांना आर्पेजिओ म्हणजे मधले स्वर गाळलेलं स्केल वाटतं. ‘साग, रेम, गप’ वाजवून आर्पेजिओ झाला म्हणणारेही भेटतात. पण ते थर्ड्समध्ये, म्हणजे एकेक स्वर सोडून जोड्यांनी, वाजवलेलं स्केलच. सातही स्वर त्यात येतात. मेजर आर्पेजिओत सा, ग, प आणि वरचा सा, एवढेच. एका कॉर्डचे, म्हणजे एरवी एकत्र वाजणारे, स्वर सुटे करून एकामागून एक वाजवायचे.

त्यात गायक ‘स्केल’ म्हणतात ते पट्टीला, म्हणजे सा कुठे धरला त्याला. ऑल्टो सॅक्सोफोनवर नोटेशनमध्ये लिहिलेला सी वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनर सॅक्सोफोनवर काळी पाच. इथली नावं लिहिलेल्या स्वरांची आहेत.

जी मेजर, म्हणजे जीला सा धरून मेजर स्केल, घ्या. जीला डाव्या हाताची तीन बोटं, एला दोन, बीला फक्त तर्जनी, सीला फक्त मधलं बोट. बीवरून सीवर जाताना तर्जनी आधी उठली तर मध्येच उघडा, म्हणजे एकही बोट न दाबता वाजणारा, सी शार्प चमकतो. मधलं बोट आधी पडलं तर ए वाजतो. दोन्ही बोटांची अदलाबदल एकाच क्षणी व्हायला हवी. हे दोनच स्वर साठच्या लयीत (मिनिटाला साठ मात्रा), जीभ न लावता, पुन्हापुन्हा घ्या. पुढे सीवरून डीवर जाताना सहाही बोटं खाली आणि अंगठा ऑक्टेव्ह कीवर, म्हणजे स्वर सप्तकभर वर नेणाऱ्या कळीवर. अंगठा उचलून आपटू नका, जागच्या जागी कलवा. तो उशिरा पोचला तर आधी खालचा डी घोगरा उमटतो.

आर्पेजिओत जी, बी, डी, जी. बी–सीची भानगडच नाही, पण बीवरून थेट डी, म्हणजे एका बोटावरून सहा. नंतर डीवरून वरच्या जीला फक्त उजव्या हाताची तीन बोटं उचलायची असतात, आणि नेमका तिथेच सूर बिघडतो. वर चढायचं म्हणून लोक रीड, म्हणजे तोंडातली कंप पावणारी पट्टी, चावतात. स्वर चढा आणि किरटा होतो. चारही स्वर एका श्वासात, एकेका स्वराला दोन मात्रा देऊन, ट्यूनर समोर ठेवून वाजवा. मधला डी मुळातच चढा लागतो, तेव्हा तिथे जबडा थोडा सैल. जिभेने स्वर तोडून वाजवलं तर यातलं काहीच पकडता येत नाही.

जीपासून जीपर्यंत दोन सप्तकं मात्र नेहमीच्या बोटांनी बसत नाहीत. वाद्य वर एफ शार्पला संपतं. दोन सप्तकांसाठी सी किंवा डी मेजर घ्या.

पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एक गंमत होते. ए मेजरचा आर्पेजिओ स्वच्छ वाजतो आणि स्केल अडतं. जी शार्पचं पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी कातडी गादी, एरवी बंद असतं, ते चिकटतं. की दाबली तरी जीच वाजतो. आर्पेजिओत ए, सी शार्प, ई एवढेच स्वर, त्यामुळे तिथे पत्ता लागत नाही. पॅडखाली सिगारेटचा कोरा कागद सरकवा, पॅड हलकेच दाबून ओल टिपून घ्या, मग पॅड उघडून कागद काढा. दाबलेल्या पॅडखालून खेचलात तर त्याची कातडी फाटते.