स्वेच्छामूल्याची पार्श्वभूमी: पांडवलेण्यांपासून क्यूआर कोडपर्यंत

नाशिकमध्ये एखाद्या व्याख्यानाच्या किंवा मैफलीच्या पत्रिकेवर 'प्रवेश स्वेच्छामूल्य' असं छापलेलं दिसतं. दारात पेटी, शेजारी क्यूआर कोड. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं. अनेकांना ही नवी टूम वाटते. पण सर्वांच्या उपयोगाचं काम खुशीच्या पैशातून उभं करण्याचे पुरावे याच शहराच्या डोंगरावर कोरलेले आहेत.

पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. दमण, तापी अशा नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याची नोंद त्यांत आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्या काळच्या कालगणनेतल्या ४२व्या वर्षाचा लेख. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: २,००० दरमहा एक टक्क्याने, १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल कायमचं अडकवलेलं, खर्च फक्त व्याजातून. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज होतं २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी. हिशोब चोख जुळतो! शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून नोंदवलं गेलं.

उषवदात राजघराण्यातला होता, त्याला परवडत होतं, असं कुणी म्हणेल. मग १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, पाहावं. त्याच्या दारावरचा लेख सांगतो की ते काम धंभिक गावाचं दान आहे. एका माणसाचं नव्हे, गावाचं.

मोठा टप्पा ओलांडून विसाव्या शतकात आलं की पैसा फंड समोर येतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून स्वदेशी उद्योगासाठी निधी जमवला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा कुणालाच जड नव्हता, आणि तो कुठे गेला हे डोळ्यांनी दिसत होतं. आजच्या आयोजकांनीही पेटीशेजारी गेल्या वर्षीचा जमाखर्च लावावा, असं मला कळकळीने वाटतं.

अर्थशास्त्राची शंका जुनीच आहे: न देणाऱ्यालाही लाभ मिळत असेल तर कोण कशाला देईल? २०१० साली अमेरिकेतल्या एका करमणूक उद्यानातला प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळण्यात बसलेल्यांचे फोटो 'हवी ती किंमत द्या' म्हणून विकले, तेव्हा सरासरी एक डॉलरही मिळाला नाही. त्यातली निम्मी रक्कम धर्मादाय कामाला जाईल असं सांगितल्यावर घेणारे कमी झाले, पण प्रत्येकाने सरासरी पाच डॉलरहून जास्त दिले.

उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९७०पासून प्रवेशशुल्क ऐच्छिक होतं. सुचवलेली पूर्ण रक्कम देणाऱ्यांचं प्रमाण साधारण दीड दशकात ६३ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. अखेर मार्च २०१८पासून राज्याबाहेरच्या प्रौढांना २५ डॉलरचं तिकीट लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांसाठी मात्र स्वेच्छामूल्य कायम राहिलं.